ग्रॅनाइटच्या घरात जेवायला गेलो तेव्हा

नमस्कार मंडळी! आज जरा लांब जाऊया, स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला. तिथे बॉन ॲकॉर्ड स्क्वेअर म्हणून चौक आहे, आर्किबाल्ड सिम्पसन या तिथल्याच आर्किटेक्टने 1820 च्या दशकात आखलेला, एकाला एक चिकटून उभी ग्रॅनाइटची घरं. त्या भागातल्या अशाच एका जुन्या घराचं रेस्टॉरंट झालंय, तिथे जेवायला गेलो होतो आणि खरं सांगतो, आत शिरायच्या आधी दहा मिनिटं मी भिंतीसमोरच उभा होतो.

बाहेरून घर एकदम साधं. वेलबुट्टी नाही, काही नाही. ग्रॅनाइट इतका कडक की नक्षी काढायची तर छिन्नी आणि पाथरवटाचे हात दोन्ही झिजणार, वाफेवरची पॉलिशची मशीनं तेव्हा अजून यायची होती, म्हणून सगळी शोभा मापात, खिडकी किती उंच, दोन खिडक्यांमध्ये भिंत किती, बस्स, आणि तेवढ्यावर घर असलं देखणं दिसतं! पुढचे चिरे इतके घट्ट बसवलेत की सांध्यात नख जात नाही. पण मागच्या गल्लीत जाऊन बघा, तिथे ओबडधोबड दगड आणि दोन मोठ्या दगडांच्या मधल्या फटीत छोटे छोटे तुकडे एकावर एक रचलेले. याला ॲबर्डीन बॉण्डच म्हणतात. मला तर पुढच्यापेक्षा ही मागची भिंत जास्त आवडली, एक तुकडा वाया घालवला नाही हो त्या लोकांनी.

आत स्वयंपाक पूर्वीसारखाच तळघरात आणि टेबलं वरच्या दिवाणखान्यात, हे फार बरं केलं, घर होतं तसं राहिलं. भिंतीवर बोटाने टकटक केलं तर आवाज पोकळ! ग्रॅनाइट थंडगार ना, म्हणून आतून लाकडी पट्ट्या, त्यावर चुन्याचं प्लास्टर आणि मागे हवेची पोकळी. शेजारच्या एका घराच्या दरजांमध्ये मात्र चुन्याऐवजी सिमेंट भरलेलं दिसलं, जीव हळहळला, कारण मग ओल आतच अडकते.

ॲबर्डीनचा बराचसा दगड रुबिस्लॉच्या खाणीतला, 140 मीटरहून खोल, 1971 ला बंद झाली, आता पाण्याने भरलीये. आपला सह्याद्रीचा काळा पाषाण म्हणजे लाव्हा वर येऊन भराभर थंड झालेला, त्यामुळे दाणा बारीक, आणि हा जमिनीखाली सावकाश थंड झालेला, म्हणून दाणे मोठे, मध्ये अभ्रक. जेवून बाहेर आलो तर पाऊस नुकताच थांबला होता, ऊन पडलं आणि ती करडी भिंत चांदीसारखी चमकायला लागली.