डोक्यावर ठिपके नसलेला पिंगळा

(पडवी. लाकडावर पटाशी चालल्याचा आवाज.)

मे महिना, सकाळचे आठ. शहाद्याजवळच्या या गावात सरांचं आजचं चित्र झालंसुद्धा. नऊनंतरचं खानदेशातलं ऊन जलरंगाला उसंत देत नाही, रंग कागदावर पसरायच्या आत कडा धरतो. "पाण्यात दोन थेंब ग्लिसरीन टाकतो. तरी दहा वाजले की काही खरं नाही," सर सांगतात. मग उरलेला दिवस लाकडाचा.

सर म्हणजे निवृत्त चित्रकला शिक्षक. नाव घालू नका, एवढी एकच अट त्यांनी घातली. तालुक्यातल्या ज्या पोरांना त्यांनी एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवलं, ती आवाजावरून ओळखतीलच.

(भिंतीला टेकवलेली निसर्गचित्रं.)

निसर्गचित्र म्हटलं की माड, होडी आणि लाल कौलं. सरांनीही वर्षानुवर्षं तेच काढलं, तेही समुद्र न बघता. आता त्यांच्या कागदावर वरच्या बाजूला सातपुड्याची निळसर रेघ असते, खाली भेगाळलेली काळी जमीन, आणि मधेच केळीचा नाहीतर पपईचा हिरवा चौकोन. ठिबकवर जगलेला. "डोंगर चार महिने हिरवा. हा बारमाही. दोघांना एकच हिरवा कसा लावू?" म्हणून बागेचा हिरवा ते जवळजवळ ट्यूबमधून आला तसाच लावतात, कच्चा. मला तो आधी खटकला. दुसऱ्या दिवशी तोरणमाळचा घाट चढताना मागे वळून पाहिलं, तर खाली अगदी तसाच रंग.

(हातात शिवणीचा ओंडका. त्यातून डोकं वर काढणारा पक्षी.)

पक्षी मात्र लाकडातच. बगळे झाले, टिटवी झाली, तापीवरची चक्रवाकं झाली. आणि गेली कित्येक वर्षं पुन्हा पुन्हा हा एकच: रानपिंगळा, एक छोटं घुबड.

याची गोष्ट इथलीच आहे. 1873 साली पक्षी अभ्यासक ॲलन ह्यूमनं या पक्ष्याचं शास्त्रीय वर्णन छापलं. पुढे जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्यानं खानदेशातून त्याचे नमुने गोळा केले. 1884 नंतर मात्र तो कुणा अभ्यासकाला सापडलाच नाही. मधे रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यानं 1914 साली गुजरातेत एक टिपल्याचा दावा केला, आणि शोधणारे त्या दिशेला भरकटले. तो नमुना चोरीचा निघाला. संग्रहालयातला डेव्हिडसनचाच जुना पक्षी, नव्यानं भरून नवी चिठ्ठी लावलेला. ही लबाडी उघडकीला आणणाऱ्या पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन नोव्हेंबर 1997 मध्ये बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांच्यासह शहाद्याजवळच्या रानात आल्या, आणि दिवसाढवळ्या उघड्या फांदीवर तो बसलेला दिसला. 113 वर्षांनी.

गावात बातमी आली तेव्हा पारावर कुणीतरी म्हणालं, "हाऊ ते आपला रोजना पिंगळा शे!"

तसा तो नव्हे. सर हातातलं लाकूड फिरवून दाखवतात. घराच्या वळचणीला असतो त्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं. चोच दणकट, पायांवर दाट पांढरी पिसं, पंखांवर आणि शेपटीवर रुंद पट्टे. पट्टे सर तापलेल्या तारेनं डागतात. रंग लावत नाहीत. शिवणीचं लाकूड फिकट असतं, पोटाचा पांढरा त्यातच निघतो. सगळ्यात अवघड काय, असं विचारलं तर उत्तर येतं, "डोकं. काही कोरायचं नसतं ना, म्हणून."

(कपाटातून काढलेली वही. पानं पिवळी पडलेली.)

ही वही 1997 च्या आधीची. साग तोडल्यावर उरलेल्या रानातलं एक पेन्सिलचं रेखाटन: पानगळ झालेली सालई, भर दुपारच्या सावल्या, शेंड्यावर पिंगळा. छाती भरदार, शेपटीवर ठसठशीत पट्टे. आणि डोक्यावर नीट, ओळीनं घातलेले ठिपके.

सर चष्मा पुसतात. पान प्रकाशाकडे धरतात.

"दुपारी, रानात, एवढ्या उघड्यावर बसलेला. आता वाटतं, तोच असणार. पण हे ठिपके... मला दिसले होते, का पिंगळ्याला ठिपके असतात म्हणून मी घातले?"

आम्ही विचारलं, काय वाटतं?

"पेन्सिल फार टोकदार होती," एवढंच म्हणतात, आणि वही मिटतात.

(पॉलिश पेपरचा आवाज. शिवणीच्या गोल, कोऱ्या माथ्यावर बोटं फिरतायत. पुन्हा पेपर. पुन्हा बोटं.)