देह हजर करा

१ मार्च १९७६ची सकाळ. केरळमधल्या कालिकतचं रिजनल इंजिनिअरिंग कॉलेज. पी. राजन हा विद्यार्थी कलामहोत्सवाहून नुकताच परतला होता. पोलिसांनी त्याला तिथूनच उचललं आणि कक्कयमच्या कॅम्पात नेलं. त्या कॅम्पात धरून आणलेल्यांना बाकावर आडवं करायचे आणि मांड्यांवरून जड लाकडी रूळ फिरवायचे.

राजनचे वडील ईचर वारियर, हिंदीचे प्राध्यापक. आपला मुलगा कुठे आहे, एवढंच त्यांना विचारायचं होतं. त्यासाठी त्यांनी अधिकाऱ्यांचे आणि मंत्र्यांचे उंबरठे झिजवले.

खरं तर हे विचारण्याची एक हक्काची जागा असते. तिचं नाव हेबियस कॉर्पस, कायद्याच्या मराठीत देहोपस्थिती. धरलेला माणूस न्यायाधीशासमोर आणा आणि कोणत्या कायद्याने धरला ते सांगा, इतकी साधी मागणी. आत असलेल्याला स्वतः येता येत नाही, म्हणून त्याच्या वतीने आई-बाप, बायको, मित्र कुणीही अर्ज करू शकतं. मला कायद्यातली ही सर्वांत माणुसकीची तरतूद वाटते.

पण आणीबाणी होती. २७ जून १९७५च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने, जीविताच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्कासाठी न्यायालयात जाण्याची वाटच रोखली होती. त्या काळात मिसाखाली, म्हणजे खटल्याशिवाय डांबून ठेवू देणाऱ्या अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली, ३४,९८८ माणसं स्थानबद्ध झाली, असं पुढे आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाने नोंदवलं. का धरलं, हे सांगण्याचंही बंधन सरकारवर उरलं नव्हतं. कोकणातले खासदार मधू दंडवते बंगळूरच्या तुरुंगात, तर त्यांच्या पत्नी प्रमिलाताई येरवड्यात. नवराबायकोचा संसार पत्रांवर चालला होता.

तरीही नागपूर खंडपीठासह अनेक उच्च न्यायालयांनी सांगितलं, की स्थानबद्धता कायद्याला धरून आहे का, हे आम्ही तपासणार. सरकार अपिलात सर्वोच्च न्यायालयात गेलं. बंदींच्या बाजूने शांती भूषण, सोली सोराबजी आणि आपल्या सासवडचे वि. म. तारकुंडे उभे राहिले.

सुनावणीत न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी अॅटर्नी जनरल निरेन डे यांना विचारलं: एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरातून कुणाचा जीव घेतला, तर न्यायालयात दाद मागता येईल का? डे यांचं उत्तर होतं: आणीबाणी असेपर्यंत नाही.

दिल्लीत हा जर-तरचा प्रश्न होता. निकाल लागण्याआधीच कक्कयममध्ये तो खरा झाला होता.

२८ एप्रिल १९७६ला निकाल आला. चार विरुद्ध एक. बंदींना दाद मागता येणार नाही. चौघांत पुण्यात जन्मलेले न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड होते. बंदींची सरकार जवळजवळ आईच्या मायेने काळजी घेतंय, असं न्यायमूर्ती बेग यांनी निकालपत्रात लिहिलं. हे वाक्य आजही वाचवत नाही.

वेगळा निकाल दिला तो एकट्या खन्नांनी. त्याआधीच त्यांनी बहिणीला सांगितलं होतं, की या निकालापायी माझं सरन्यायाधीशपद जाणार. तसंच झालं. जानेवारी १९७७मध्ये त्यांना डावलून बेग सरन्यायाधीश झाले आणि खन्नांनी राजीनामा दिला.

पुढे ४४व्या घटनादुरुस्तीने ठरलं, की जीविताचा आणि स्वातंत्र्याचा हक्क बजावून घेण्याची वाट आणीबाणीतही रोखता येणार नाही. २०१७मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने १९७६चा तो निकाल रद्द ठरवला. तसं लिहिणाऱ्यांत यशवंतरावांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते.

वारियर मात्र एवढे थांबू शकत नव्हते. २१ मार्च १९७७ला आणीबाणी उठली आणि चारच दिवसांनी त्यांनी केरळ उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसचा अर्ज केला. आम्ही राजनला धरलंच नव्हतं, असं सरकारने शपथेवर सांगितलं. पण त्याला नेताना पाहिलेली माणसं कॉलेजात होती आणि ती न्यायालयात बोलली. एप्रिलमध्ये न्यायालयाचा हुकूम निघाला: राजनला हजर करा.

मग सरकारला कबूल करावं लागलं, की राजन पोलिसांच्या ताब्यातच मेला. मुख्यमंत्री करुणाकरन यांनी राजीनामा दिला.

मुलाचा देह वारियर यांना कधीच मिळाला नाही.