ज्या बाजूला जॉर्ज डनबार, ती बाजू जिंकली

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय ‘मध्ययुगीन स्कॉटलंडच्या सरहद्दीवरचं राजकारण आणि युद्धनीती’. नाव भारदस्त आहे, आयोजकांनी दिलंय, माझा काही दोष नाही. मला खरं तर एकाच माणसाबद्दल बोलायचंय, जॉर्ज डनबार, स्कॉटलंडचा अर्ल ऑफ मार्च. माझा दावा असा की १३८८ ते १४०३ या काळात ज्या मोठ्या लढायांत हा माणूस उतरला, त्यात तो ज्या बाजूला होता ती बाजू जिंकली, आणि बाजू तर त्याने मध्येच बदललेली. तरी इथे हॉटस्पर, म्हणजे इंग्लिश सरदार हेन्री पर्सी, कोणाला माहितीये, हात वर करा. बघा, बी.ए.ला इंग्लिश घेतलेले सगळे. डग्लस? आहेत चारपाच. डनबार? अध्यक्षसाहेब, तुम्ही हात खाली घ्या, तुम्हाला मीच येताना गाडीत सांगितलंय.

आता याला जबाबदार कोण, तर शेक्सपिअर. हे मी मजेत म्हणत नाहीये, माझा खरंच राग आहे. ‘हेन्री द फोर्थ’च्या पहिल्या भागात तिसऱ्या अंकात सर वॉल्टर ब्लंट धावत येतो आणि राजाला सांगतो की स्कॉटलंडच्या लॉर्ड मॉर्टिमरने निरोप धाडलाय, डग्लस आणि बंडखोर इंग्लंडातल्या श्रूजबरीला एकत्र आलेत. अहो, स्कॉटलंडात असा कोणी लॉर्ड मॉर्टिमर नव्हताच! इंग्लंडात एक अर्ल ऑफ मार्च होता त्याचं आडनाव मॉर्टिमर, स्कॉटलंडात दुसरा अर्ल ऑफ मार्च होता त्याचं डनबार, आणि शेक्सपिअरने इकडचं आडनाव तिकडे चिकटवून दिलं. म्हणजे हॉटस्परला पानंच्या पानं भाषणं, डग्लसला मिशीवर ताव, फॉलस्टाफला तर अख्खा गुत्ता, आणि ज्याने हॉटस्पर आणि डग्लस दोघांनाही धूळ चारली त्याला एक ओळ, तीही चुकीच्या आडनावाने. आपल्याकडे लग्नपत्रिकेत आडनाव चुकलं तर दोन पिढ्या बोलणं बंद असतं.

लग्नावरून आठवलं, तिकडेच जायचंय आपल्याला.

डनबार हे एडिनबराच्या पूर्वेला समुद्रकाठचं गाव. आज गेलात तर किल्ल्याचे दोनतीन लाल दगडी सुळके उभे दिसतात, त्यावर समुद्रपक्ष्यांची घरटी आणि त्यांचा असा काही कलकलाट की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. एकोणिसाव्या शतकात बंदराचं तोंड काढायला त्यांनी चक्क किल्ल्याच्या अवशेषांतूनच वाट फोडली, आता तिथून मासेमारीच्या बोटी ये-जा करतात. गावात येणारा प्रत्येक पर्यटक निसर्गप्रेमी लेखक जॉन म्यूरचं जन्मघर कुठे विचारतो, जॉर्जचं नाव कोणी काढत नाही, पण ते जाऊ दे. तर पूर्वेला हा किल्ला आणि त्याच्या दक्षिणेला जहागिरीची गावं, पश्चिमेला त्याचंच ॲनॅन्डेलचं खोरं, आणि सरहद्दीवरचं बेरिक शहर इंग्रजांच्या ताब्यात. म्हणजे शत्रू अक्षरशः कुंपणाला लागून. आणि घरातला खरा स्पर्धक कोण, तर डग्लस घराणं, तेही सरहद्दीवरचंच, रोज वाढत चाललेलं.

जॉर्जने स्कॉटलंडसाठी काय केलं नाही? १३८४ मध्ये लॉकमेबनचा किल्ला इंग्रजांकडून परत घेतला त्यात हा होता. १३८८ मध्ये ओटरबर्नला होता, तिथे दुसरा अर्ल ऑफ डग्लस लढाईत मारला गेला पण स्कॉट लोक जिंकले, हॉटस्पर कैद झाला आणि फौज सुखरूप घरी आणली ती जॉर्जने. एवढी सेवा झाल्यावर माणूस काय मागतो? मुलीसाठी चांगलं स्थळ. आणि मिळालंही, राजा तिसऱ्या रॉबर्टचा थोरला मुलगा डेव्हिड, ड्यूक ऑफ रॉथसे, म्हणजे भावी राजाच. मुलगी एलिझाबेथ. सोयरीक झाली, लेखी करार झाला, शिक्कामोर्तब झालं आणि पंधराव्या शतकातला इतिवृत्तकार वॉल्टर बावर सांगतो की जॉर्जने यासाठी भली मोठी रक्कम मोजली होती. मग डग्लसच्या कानावर गेलं. हा तिसरा अर्ल, आर्चिबाल्ड, लोक त्याला ‘द ग्रिम’ म्हणायचे. त्याने आणखी मोठी थैली दाखवली आणि १४०० साली युवराजाचं लग्न झालं मेरी डग्लसशी. जॉर्ज म्हणाला, मुलीला घ्या नाहीतर माझे पैसे परत द्या. दरबारात टोलवाटोलवी. (मागून कोणीतरी विचारतंय मुलीचं काय झालं. ती पुढे पर्थजवळच्या सेंट लिओनार्ड मठाची प्रमुख झाली. युवराजापेक्षा बरं झालं तिचं, तेही सांगतो.)

आता ते पत्र. १८ फेब्रुवारी १४००, डनबारहून, थेट इंग्लंडच्या चौथ्या हेन्रीला. हेन्री स्वतः गादीवर बसून सहा महिनेही झाले नव्हते. पत्रात काय, तर रॉथसेने माझ्या मुलीशी लग्न ठरवलं, स्वतःच्या सहीशिक्क्याचं वचन मोडलं, चर्चचा कायदा मोडला आणि ऐकतो की दुसरी बायको केली. आणि मग नातं काढलंय हो! तुमची आजी डेम ॲलिस बोमाँट आणि माझी आजी डेम मार्जरी कॉमिन या सख्ख्या बहिणी, तेव्हा मी तुमच्या रक्ताचाच आहे. एखादी पिढी इकडची तिकडे झालीये त्यात, पण अडचणीत असलेला माणूस नातं असंच काढतो, आपण नाही का साहेबाच्या बायकोचं माहेर शोधत. आणि शेवटी लिहितो, मी इंग्लिशमध्ये लिहितोय याचं नवल वाटून घेऊ नका, लॅटिन किंवा फ्रेंचपेक्षा मला ते जास्त स्पष्ट कळतं. राजाला लिहायचं तर लॅटिन-फ्रेंचचा थाट असायचा तेव्हा, हा म्हणतो कटकट नको, मुद्द्याचं बोलूया. मला हा माणूस इथेच आवडून गेला.

त्याच वर्षी तो इंग्लंडला निघून गेला. किल्ला भाच्याच्या, रॉबर्ट मेटलंडच्या हवाली केला आणि भाच्याने तो डग्लसच्या स्वाधीन केला! भाच्यांबद्दल मी काही बोलत नाही, इथे माझे दोन बसलेत. आणि युवराज? १४०२ मध्ये सख्खा काका ड्यूक ऑफ ऑल्बनी याच्या कैदेत स्कॉटलंडातल्याच फॉकलंडला मेला, लोक म्हणायचे उपाशी मारला, आणि त्या काकाचा साथीदार कोण तर युवराजाच्याच बायकोचा भाऊ, चौथा अर्ल ऑफ डग्लस. असं जावईपण डग्लसने थैली देऊन विकत घेतलं होतं.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं, युद्धनीती, जी खरं तर... भरभर सांगतो.

१४ सप्टेंबर १४०२, होमिल्डन हिल. चौथा डग्लस नॉर्थंबरलंड लुटून परत चाललाय, टेकडीवर फौज दाटीने उभी. हॉटस्परला लगेच घोडे घालायचे होते. बावर म्हणतो जॉर्जने त्याचा लगाम धरला आणि सांगितलं हलू नकोस, धनुर्धारी पुढे काढ. हॉटस्परने ऐकलं, तेवढं एकदाच. बाणांनी टेकडीवरची फौज उभ्या जागी झोडपली, डग्लसचा एक डोळा गेला, तो कैद झाला आणि सोबत बरेच अर्ल. सरहद्दीवर आयुष्य काढलेल्या माणसालाच हे कळतं, स्कॉट फौज कुठे कच्ची आहे ते त्याने आतून पाहिलेलं होतं.

मग कैद्यांच्या खंडणीवरून हॉटस्परचं राजाशी बिनसलं, त्याने डग्लसलाच हाताशी धरून बंड केलं. जॉर्ज राजाकडे राहिला. त्याचा सल्ला एकच, थांबू नका, हॉटस्परचा बाप त्याला येऊन मिळायच्या आत श्रूजबरी गाठा. राजाने गाठलं. २१ जुलै १४०३. आणि राजाला निशाणाजवळून हलवलं तेही जॉर्जने असं सांगतात, डग्लस तिकडे राजा समजून दुसऱ्यांनाच कापत सुटला होता. हॉटस्पर ठार. डग्लस पुन्हा कैद, यावेळी त्याचं जे गेलं ते बावरने लिहिलंय पण पुढच्या रांगेत मुलं बसलीत.

आता जॉर्जला गद्दार म्हणायचं का, तर... वेळ नाही, एवढंच बघा की याच्याच घराण्यातल्या पॅट्रिकने १३१४ मध्ये बॅनकबर्नची लढाई हरून पळालेल्या इंग्लंडच्या दुसऱ्या एडवर्डला डनबारहून होडीत बसवून दिलं, आणि त्याच पॅट्रिकच्या बायकोने, ब्लॅक ॲग्नेसने, १३३८ मध्ये तोच किल्ला इंग्रजांविरुद्ध पाच महिने लढवला. या लोकांचं इमान आधी जमिनीशी आणि घराण्याशी होतं, राजा त्यानंतर. आपण मागून झेंडे वाटत बसतो. यावर खरं तर अर्धा तास ठेवला होता मी.

१४०९ मध्ये ऑल्बनीने जॉर्जला स्कॉटलंडात परत घेतलं, जहागीर मिळाली पण ॲनॅन्डेल डग्लसकडेच राहिलं. १४२० च्या आसपास वारला. डग्लस १४२४ मध्ये फ्रान्समध्ये व्हर्नेलला आणखी एक लढाई हरून मेला, त्याला त्याचेच लोक हरणारा म्हणायचे. आणि १४३५ मध्ये राजा पहिल्या जेम्सने जॉर्जच्या मुलाची जहागीर कायमची काढून घेतली, कारण काय, तर ऑल्बनी नुसता कारभारी होता, राजद्रोह माफ करायचा अधिकार त्याला नव्हताच. म्हणजे सव्वीस वर्षांनी कागद नामंजूर! सरकारी कामाचा अनुभव असलेल्यांना वेगळं सांगायला नको. झालं, झालं, उतरतोय. ॲग्नेसबद्दल विचारायचं असेल त्यांनी चहाच्या टेबलाशी गाठा, त्या किल्ल्याच्या तटावर मोलकरणींनी धूळ झटकली तो किस्सा माइकशिवायही सांगता येतो.