ताशी चाळीसने जाणारी एक्सप्रेस

तर मंडळी, आधी एक छोटा हिशोब करू. मॅलर्ड नावाच्या इंजिनाचं मोठं चाक ६ फूट ८ इंच व्यासाचं, म्हणजे एक फेरा झाला की इंजिन साधारण ६.४ मीटर पुढे सरकतं. ३ जुलै १९३८ ला इंग्लंडमधे स्टोक बँकच्या उतारावर या इंजिनाने ताशी १२६ मैल गाठले, आपल्या भाषेत २०३ किलोमीटर, आणि वाफेच्या इंजिनाचा तो रेकॉर्ड अजून कोणी मोडलेला नाही. त्या वेळी ते चाक सेकंदाला जवळजवळ नऊ फेरे घेत होतं. आता त्याच जातीचं, ए४ क्लासचं इंजिन ब्रिटनमधल्या एखाद्या हेरिटेज लाइनवर, म्हणजे शौकीन लोक जपून चालवतात अशा जुन्या लाइनवर, आणा. तिथे बहुतेक ठिकाणी मर्यादा २५ मैलांची, म्हणजे ४० किलोमीटर, चाक सेकंदाला पावणेदोन फेरे. मैफलीच्या गवयाला मानाने बोलवायचं आणि रोज नुसता सा लावायला सांगायचा, तसं काहीसं.

ही पंचवीसची भानगड जुनी आहे. १८९६ चा लाइट रेल्वे कायदा, गावाकडच्या हलक्या लाइनींसाठी केलेला, आणि पुढे शौकीन लोकांनी बंद पडलेल्या लाइनी चालवायला घेतल्या तेव्हा त्यांच्या गळ्यात तोच नियम पडला. नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही, सिग्नलला आणि फाटकावर स्वयंसेवक उभे असतात, वेग कमी असलेलाच बरा. पण एक्सप्रेस इंजिनाची त्यात गोची होते ती कशी ते ऐका.

वाफेचं इंजिन स्वतःच स्वतःचा भाता असतं. सिलिंडरमधून वापरून झालेली वाफ धुराड्यातून जोरात बाहेर पडते, जाताना पुढच्या स्मोकबॉक्समधली, म्हणजे धुराड्याखालच्या डब्यातली, हवा ओढून नेते, ती पोकळी भरायला भट्टीतून वारा येतो आणि आग फुलते, म्हणजे जितकं जास्त काम तितकी जास्त आग, वेगळा पंखा नाही काही नाही. आता ए४ च्या भट्टीची जाळी ४१ चौरस फुटांची, जेवढी आग मोठी तेवढा तिला वारा लागतो. पाच-सहा डबे घेऊन डुलत डुलत निघालात तर भाता हलकासाच चालणार, कोपऱ्यातला कोळसा नीट पेटत नाही, राख वितळून जाळीवर तिचे गोळे बसतात, धूर काळा येतो, आणि पुढच्या स्टेशनात उभं राहिलं की जास्तीची वाफ सेफ्टी व्हॉल्व्हमधून कान फाटेस्तोवर आभाळात. प्लॅटफॉर्मवरची पोरं टाळ्या वाजवतात आणि फायरमन कपाळाला हात लावतो, कारण तो त्याने मेहनतीने घातलेला कोळसाच चाललेला असतो.

याला अपवाद आहेत. नॉर्थ यॉर्कशायर मूर्स रेल्वेवर ग्रॉसमॉन्टहून गोथलंडकडे ४९ ला १ असा, म्हणजे ४९ फूट पुढे गेलं की एक फूट वर, चढ आहे. मी तिथे कुंपणाला टेकून उभा होतो, इंजिन दिसायच्या खूप आधी आवाज आला, एकेक ठोका सुटा, आणि समोरून गेलं तेव्हा माझ्या बाहीवर बारीक काळे कण टपटप पडले, अजून कोमट होते. वेग तोच पंचवीसच्या आतला, पण इंजिन काम करत होतं. इतकाच फरक, बाकी काही नाही.

बरं, जतन. लोकांना वाटतं जतन म्हणजे रंग आणि पितळ घासणं. बॉयलरला साधारण दहा वर्षांची मुदत मिळते, ती संपली की इंजिन बाजूला, सगळ्या नळ्या बाहेर, भट्टीच्या भिंती धरून ठेवणारा स्टे बोल्ट एकेक ठोकून बघायचा, आणि त्यात सापडेल ते कमीच. त्यात गंमत अशी की बॉयलरला खरा त्रास रोजच्या धावण्याचा नसतो, तो असतो तापणं-गार होणं-परत तापणं याचा. जुन्या काळी ही इंजिनं दिवसेंदिवस गरमच असायची. आता शनिवार-रविवार पेटवायची, सोमवारी थंड, धातू ताणतो आणि आखडतो.

पैशाचं विचारू नका, तरी सांगतो. फ्लाइंग स्कॉट्समन, १९२३ चं इंजिन, १९३४ मधे अधिकृतपणे नोंदलेले ताशी १०० मैल करणारं पहिलं. १९६३ मधे ॲलन पेग्लर यांनी ते ३,००० पौंडांना घेतलं, पुढे अमेरिकेत नेलं आणि त्यात ते दिवाळखोर झाले. २००४ मधे यॉर्कच्या नॅशनल रेल्वे म्युझियमने तेच इंजिन २३ लाख पौंडांच्या वर देऊन घेतलं, आणि मग दुरुस्ती सुरू झाली ती २०१६ पर्यंत, खर्च ४२ लाख पौंड. विकत घेण्यापेक्षा उघडून बघणं महाग पडलं. जुनं घर घेतलेल्या कोणालाही हे कळेल.

पण मला आज मुख्य सांगायचंय ते ड्यूक ऑफ ग्लॉस्टर नावाच्या इंजिनाबद्दल. १९५२ मधे हॅरोला मोठा अपघात झाला, त्यात प्रिन्सेस ॲन हे इंजिन भंगारात गेलं, त्याच्या जागी ब्रिटिश रेल्वेने क्रू गावच्या कारखान्यात १९५४ मधे एकच नवं इंजिन बांधलं, नंबर ७१०००. कागदावर फार भारी. रुळावर रडकं. कोळसा खायचं, वाफ पुरायची नाही, ड्रायव्हर-फायरमन नाक मुरडायचे, आणि आठ वर्षांत, १९६२ ला, काढून टाकलं. बाहेरचे दोन्ही सिलिंडर काढले, त्यातला एक सायन्स म्युझियमसाठी कापून घेतला, आणि उरलेला सांगाडा साउथ वेल्सच्या बॅरी गावातल्या भंगारवाल्याकडे. हा बॅरीचा डाय वुडहॅम म्हणजे देवमाणूस निघाला, त्याच्याकडे २९७ इंजिनं आली, तो आधी वॅगन तोडत बसला आणि इंजिनं नंतर बघू म्हणाला, त्यामुळे २१३ वाचली. वाचवायच्या विचाराने नाही हं, सवडीने.

१९७४ मधे काही वेड्यांनी ड्यूकचा सांगाडा विकत घेतला. बाहेरचे सिलिंडर नाहीत, व्हॉल्व्हची यंत्रणा नाही, बारा वर्षं काम केलं. आणि मूळ ड्रॉइंग समोर ठेवून एकेक भाग मोजताना त्यांच्या लक्षात आलं की राखेच्या पेटीला हवा आत घेणारी जी झडप असते ती ड्रॉइंगपेक्षा लहान बांधलेली आहे. म्हणजे भट्टीला पहिल्या दिवसापासून श्वासच पुरत नव्हता! धुराडंही एवढ्या इंजिनाला अपुरं होतं. आठ वर्षं ड्रायव्हर आणि फायरमन यांनी शिव्या खाल्ल्या, डिझाइन करणाऱ्यांनी खाल्ल्या, आणि टेप घेऊन वाकून कोणी बघितलं नाही. १९८६ ला इंजिन परत पेटलं, पुढे धुराड्याखालची रचनाही बदलली, आणि मेन लाइनवर उत्तर इंग्लंडमधल्या शॅपच्या ७५ ला १ चढावर ते असं चढलं की नोकरीत असताना कधी चढलं नव्हतं.

आता काटेकोर लोक म्हणतात की हे जतन नाही, तुम्ही इतिहास दुरुस्त केलात. मला तो आक्षेप समजतो, पटत नाही. इंजिन जसं कागदावर काढलं होतं तसं ते पहिल्यांदाच बांधलं गेलं, आणि हे शेडमधे उभं ठेवून कोणालाच कधी कळलं नसतं.

(इथे एका श्रोत्याने विचारलं की मग मॅलर्डही चालवायला हवं का.)

नाही, तिथे मी उलट्या बाजूला आहे. ए४ ची ३५ इंजिनं बांधली, सहा उरलीत. चालवायचीच तर तिची बहीण चालवा. मॅलर्ड १९८६ ते ८८ परत धावलं होतं, झालं तेवढं पुरे, आता पेटवायचं म्हटलं तर रेकॉर्डच्या दिवशीचे जे भाग अजून अंगावर आहेत तेच आधी बदलावे लागतील. आणि त्या दिवशी तरी काय सुखरूप झालं? मधल्या सिलिंडरचं मोठं बेअरिंग या जातीचं दुखणं होतं, म्हणून त्यात बडीशेपेच्या वासाची कुपी बसवलेली असायची, तापलं की फुटणार आणि वास येणार. रेकॉर्ड झाला आणि बेअरिंगचा धातू वितळला, ड्रायव्हर डडिंग्टनने इंजिन कसंबसं पीटरबरोपर्यंत आणलं, तिथे सोडवलं, आणि लंडनला ती गाडी ओढून नेली ती एका जुन्या, अटलांटिक जातीच्या इंजिनाने.