जास्वंदीची काडी लावताना

झाडावरून कापली त्या क्षणी या फांदीचं पाणी तुटलं. आता पुढचे चार-पाच आठवडे तिला मुळांशिवाय तग धरायचाय. छाट कलमाची, म्हणजे फांदीचा तुकडा खोचून रोप करण्याची, सगळी खटपट तेवढ्यासाठीच.

पाऊस स्थिरावला, हवा दमट झाली की हे काम काढावं. शेंड्याची लुसलुशीत फांदी कुजते, बुंध्याकडची जून फांदी मुळं धरायला फार वेळ लावते. मधली, पेन्सिलीएवढी जाड घ्या. कळ्या असतील तर खुडा.

काडी 15 सेंटिमीटरची, तीन-चार डोळ्यांची (डोळा म्हणजे पान फुटतं ती गाठ). खालचा काप डोळ्याच्या अगदी खाली, आडवा. मुळं बहुतेक इथूनच निघतात. वरचा काप डोळ्याच्या सेंटिमीटरभर वर, तिरका. त्यावर पाणी साचत नाही आणि खालची-वरची बाजू ओळखता येते. हे नीट पाहाच, कारण उलटी खोचलेली काडी लागत नाही. कात्री धारदार हवी. बोथट कात्रीनं साल चेंगरते आणि कूज तिथूनच शिरते.

वरची दोन पानं ठेवा, तीही निम्मी कापून. जेवढं पान मोठं, तेवढं पाणी उडतं.

काडी खोचायला छोट्या कुंडीत निम्मी धुतलेली जाड वाळू, निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). शेणखत आत्ता अजिबात नको. मुळंच नाहीत, तर ते घेणार कोण? बुरशीला मात्र आमंत्रण. रूटिंग हार्मोनची, म्हणजे मुळं फुटायला मदत करणारी, पावडर असेल तर खालच्या कापाला लावा. देशी तांबडी जास्वंद तिच्याशिवायही लागते. मोठ्या फुलांच्या संकरित जाती हट्टी असतात, म्हणून रोपवाटिकेत त्यांचं देशी जास्वंदीवर कलम बांधतात.

काठीनं आधी भोक पाडा, नाहीतर पावडर खरवडून निघते. दोन डोळे आत जाऊ द्या, भोवती दाबा, पाणी द्या. वर प्लॅस्टिकची पिशवी, जागा सावलीची पण उजेडाची. पिशवी रोज थोडा वेळ उघडा.

दोन-तीन आठवड्यांत हे असं पोपटी पान फुटतं, आणि फसगत इथेच होते. हे पान काडीत साठलेल्या अन्नावर आलंय. खाली बघा: कापाच्या कडेला नुसता पांढरा, रवाळ फुगवटा, मूळ एकही नाही. आपण ही काडी दाखवण्यापुरती उपसली; घरची उपसून पाहू नका. पारदर्शक ग्लासला तळाशी भोकं पाडून त्यात लावली, तर मुळं बाहेरूनच दिसतात.

बूड काळं, मऊ पडलं तर पाणी जास्त झालंय. ती काडी लगेच काढून टाका. पानं गळली तर नखानं साल किंचित खरवडा. आत हिरवं असेल तर थांबा.

मुळं तळाशी पोचली की मातीच्या गोळ्यासकट सहा इंची कुंडीत हलवा. शेणखत आता घाला. आठवडाभर सावली, मग सकाळचं ऊन.