“मला चढत नाही” : एका फुशारकीमागचं विज्ञान

नमस्कार मंडळी.

दारूच्या प्रत्येक बैठकीत एक माणूस हमखास असतो. बाकीच्यांची जीभ जड झालेली, डोळे तांबारलेले, आणि हा पहिल्या पेगला होता तसाच शेवटच्या पेगला. हिशेब तोच करतो, इतरांना घरी तोच पोचवतो. आणि मग ते वाक्य येतं : “आपल्याला काही चढत नाही बुवा.” सगळे कौतुकाने बघतात. पचवणारा माणूस!

आज मी याच एका वाक्याच्या मागे लागणार आहे. दारू वाईट, सोडा, वगैरे सांगायला इतर बरेच जण आहेत. मला या वाक्यात रस आहे, कारण संशोधकांनी ते फार गांभीर्याने घेतलं.

मार्क शकिट हे अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ, सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले. त्यांनी विशीतली तरुण मुलं निवडली. काहींचे वडील व्यसनी, काहींचे नाहीत. मुलं स्वतः अधूनमधून पिणारी, पण व्यसन कुणालाच नाही. प्रत्येकाला वजनाच्या हिशेबाने मोजून अल्कोहोल दिलं. मग विचारलं, कसं वाटतंय? गरगरतंय का, झोप येतेय का? नुसत्या सांगण्यावर विश्वास ठेवला नाही. पाय जुळवून, हात बाजूला सोडून उभं केलं आणि शरीर किती डोलतं ते यंत्रावर मोजलं. रक्तातली काही हार्मोनंही तपासली.

हा डोलण्याचा भाग मला फार आवडतो. तुम्ही आत्ता उठून तसे उभे राहा आणि डोळे मिटा. न पिताही शरीर किंचित हलत असतं, आणि मेंदू दर क्षणाला ते सावरत असतो. दारू धक्का देते ती या सावरण्याला. काही मुलं भरपूर डोलली. काहींच्या रक्तात अल्कोहोल तेवढंच होतं, तरी ती खांबासारखी उभी.

दहाएक वर्षांनी शकिट यांनी त्याच मुलांना पुन्हा गाठलं. १९९४ साली निष्कर्ष छापून आले. व्यसनी वडिलांच्या मुलांपैकी जी खांबासारखी उभी राहिली होती, त्यांच्यातल्या ५६ टक्क्यांना दरम्यान दारूचं व्यसन जडलं होतं. आणि जी चटकन डोलली होती त्यांच्यात? १४ टक्के.

पुन्हा सांगतो. वडील दोन्हीकडे व्यसनी. फरक एवढाच, की एकाला चढत होती आणि दुसऱ्याला नव्हती.

कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. ज्याला दुसऱ्या ग्लासात गरगरतं, त्याला शरीरच हात धरून थांबवतं. ज्याला काही जाणवत नाही, तो मित्रांना जे दोन ग्लासांत मिळतं त्यासाठी पाच घेतो. पाच घेणाऱ्यांची संगत धरतो. आणि शरीर पाचाला सरावलं की सात. जुळ्यांच्या अभ्यासांवरून व्यसनाच्या धोक्यातला साधारण निम्मा वाटा आनुवंशिक आहे असं मानलं जातं. पण ‘व्यसनाचा जीन’ नावाची एकच एक वस्तू नाही. वारशात येतात त्या अशा साध्या गोष्टी : कुणाला लवकर चढते, कुणाला उशिरा.

इथे एक फरक नीट समजून घ्या, यात खूप जण गल्लत करतात. जन्मतःच कमी चढणं वेगळं आणि पिऊन पिऊन चढेनाशी होणं वेगळं. या दुसऱ्या प्रकाराला टॉलरन्स म्हणतात. मेंदूत गाबा नावाचं रसायन ब्रेकचं काम करतं आणि ग्लुटामेट अॅक्सिलरेटरचं. दारू ब्रेक दाबते आणि अॅक्सिलरेटर सैल करते, म्हणून माणूस शिथिल होतो. हे रोज व्हायला लागलं की मेंदू तोल साधायला उलटं करतो. ब्रेक बोथट करतो, अॅक्सिलरेटर ताठ करतो. मग चार पेग घेऊनही माणूस नॉर्मल दिसतो. खरं तर तो चार पेग घेतल्यावरच नॉर्मल दिसतो.

आणि यकृताला यातलं काही कळत नाही. साधारण तासाला सात ते दहा ग्रॅम अल्कोहोल मोडायचं, हा त्याचा वेग. रोज भरपूर पिणाऱ्यांचा काहीसा वाढतो. एका प्रमाणित मापात दहा ग्रॅम धरा. रात्री अकराला अशी पाच मापं पोटात असतील, तर हिशेब मिटायला पहाटेचे चार ते सहा वाजतात. कॉफी, गार पाण्याची आंघोळ, लिंबू, कशानेही तो वेग वाढत नाही. न चढणाऱ्या माणसाच्या रक्तातही तेवढंच अल्कोहोल असतं. त्यातून तयार होणारं अॅसिटाल्डिहाइड तेवढंच असतं आणि पेशींच्या डीएनएला तेवढंच छळतं. कर्करोगावरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने मद्याला पहिल्या गटात, म्हणजे कर्करोग नक्की घडवणाऱ्या पदार्थांत, १९८८ मध्येच टाकलं. तिथे कुणाला चढते, कुणाला नाही, हा प्रश्नच नव्हता.

आता त्या ताठ अॅक्सिलरेटरकडे परत येऊ. दारू एका दिवशी अचानक बंद केली तर?

बरीच वर्षं डॉक्टरांत वाद होता. व्यसनी माणसाला हातपाय थरथरणं, फिट येणं, नसलेले किडे अंगावर दिसणं हे होतं ते दारूच्या विषाने, की आबाळ आणि उपासमारीने, की दारू तोडल्याने? १९५५ साली अमेरिकन डॉक्टर हॅरिस इझबेल आणि सहकाऱ्यांनी केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टन इथल्या सरकारी रुग्णालयात याचा निकाल लावला. कैदी स्वयंसेवक होते दहा, पूर्वी मॉर्फिनच्या आहारी गेलेले. त्यांना चांगलं जेवण, जीवनसत्त्वं, आणि रोज भरपूर दारू. काहींना ४८ ते ८७ दिवस. मग एका दिवशी बंद. खाऊन-पिऊन धडधाकट असलेले ते लोक थरथरू लागले, घामाने भिजले. काहींना फिट आली, काहींना भास झाले. म्हणजे कारण होतं दारू तुटणं. आज असा प्रयोग कुठलीही नीतिमत्ता समिती होऊ देणार नाही, आणि तेच बरं. पण आज व्यसनमुक्तीच्या वॉर्डात पहिले काही दिवस औषध देऊन मेंदू शांत ठेवतात, त्यामागे हा प्रयोगही आहे.

म्हणून, ज्याचे हात सकाळी पहिल्या घोटाशिवाय थांबत नाहीत, त्याला “आजपासून बंद, शपथ घे” म्हणून खोलीत कोंडू नका. हे जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टर.

एवढ्यावर कुणीतरी विचारणारच, “थोडी घेतली तर हृदयाला चांगली असते ना?” ठीक आहे, तेही बघू.

अनेक अभ्यासांत थोडी पिणारे अजिबात न पिणाऱ्यांपेक्षा जास्त जगताना दिसले, हे खरं आहे. १९८८ मध्ये शेपर आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनच्या २४ शहरांतल्या ७,७३५ मध्यमवयीन पुरुषांची माहिती चाळली आणि एक साधा प्रश्न विचारला : हे ‘न पिणारे’ नक्की कोण? त्यातले बरेच जण पूर्वी पिणारे निघाले. आजारी पडले म्हणून त्यांनी सोडली होती. आजाऱ्यांच्या रांगेशेजारी उभं राहिलं की कुणीही पैलवान दिसतो! २०२३ मध्ये टिम स्टॉकवेल यांच्या गटाने १०७ अभ्यास, ४८ लाख माणसं एकत्र घेऊन अशा चुका दुरुस्त केल्या, तेव्हा थोडक्या दारूचा फायदा जवळपास पुसला गेला.

चीनमधला २०१९ चा अभ्यास तर त्याहून देखणा. पूर्व आशियात अनेकांना एक जनुकीय बदल वारशात मिळतो. त्यांच्या शरीरात अॅसिटाल्डिहाइड साचतं, चेहरा लालबुंद होतो, म्हणून ते कमी पितात. जीन काही तब्येत बघून मिळत नाही, त्यामुळे तुलना स्वच्छ. पाच लाखांहून जास्त लोकांच्या या अभ्यासात जीनवरून पाहिल्यावर थोड्या दारूने पक्षाघात टळतो असं काही दिसलं नाही. दारू वाढली तसा धोका वाढत गेला. कुणी म्हणेल, जीनच दुसरं काही करत असेल. तर तिथल्या बायका जवळजवळ पीतच नाहीत, आणि त्यांच्यात त्याच जीनने पक्षाघाताचा धोका बदलला नाही. ही पडताळणी वाचली तेव्हा मी खुर्चीवरून उठून दाद दिली होती.

आता मूळ वाक्याकडे.

गर्भवती बाईने घेतलेली दारू वार (प्लॅसेंटा) ओलांडून बाळापर्यंत पोचते, म्हणून दवाखान्यात विचारणं भाग असतं. पण “किती घेता?” म्हटलं की उत्तर कमीच येतं. रॉबर्ट सोकोल यांच्या गटाने १९८९ मध्ये चार प्रश्नांची एक चाचणी काढली. कुणी तुमच्या पिण्यावर बोलून त्रास दिला का? कमी करावी असं वाटलं का? सकाळी उठल्याउठल्या लागते का? या तिन्हींना एकेक गुण. दोन गुण झाले की डॉक्टरांनी सावध व्हायचं.

पहिला प्रश्न मात्र वेगळा : “किती ग्लासांनंतर चढल्यासारखं वाटतं?” दोनपेक्षा जास्त असं उत्तर आलं, तर त्या एकट्या उत्तराला दोन गुण. बाकी काही विचारायचीही गरज उरत नाही. हा प्रश्न चालतो, कारण त्यात कबुली द्यावी लागतेय असं कुणाला वाटत नाही. लोक त्याचं उत्तर खरं सांगतात, आणि बऱ्याचदा हसत हसत सांगतात.