कर्नल, रात्रपाळीला

(दृश्य: अंधार. मोटारीच्या पेटीवरचा लाल दिवा. लांबून पाण्याचा आवाज.)

परभणी जिल्हा, मानवत तालुका. रात्रीचे पावणेबारा. थ्री फेज आत्ता आलीय, म्हणून आबा बॅटरी घेऊन विहिरीकडं निघालेत. घरात पोरगाही जागाच. लॅपटॉप दोन विटांवर, खालून टेबलफॅनचं वारं.

(दृश्य: काळा पडदा, पळणाऱ्या पांढऱ्या ओळी.)

या ओळी बघा. जवळजवळ प्रत्येकीच्या पुढं 'सीसी'. म्हणजे सी भाषेतली एक फाईल उचलली, मशीनला कळेल अशी केली, पुढची घेतली. बनतोय लिनक्सचा, म्हणजे संगणक चालवणाऱ्या एका फुकट प्रणालीचा, गाभा: कर्नल. आणि तोही अजून अधिकृतपणे बाहेर न आलेला. हा शब्द पहिल्यांदा ऐकून आबांनी विचारलं होतं, "मिल्ट्रीतला का रे?" मेमरी, प्रोसेसर, डिस्क कुठल्या प्रोग्रामला किती द्यायची हे हाच ठरवतो. आबा फार चुकले नव्हते.

नवी आवृत्ती नऊ-दहा आठवड्यांनी येते. पहिले दोन आठवडे नवा कोड आत घेतात, मग दार बंद. त्या रविवारी लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स आरसी-1, म्हणजे पहिली चाचणी-आवृत्ती, जाहीर करतात. ते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला, त्यामुळं आपल्याकडं बहुतेकदा सोमवारची पहाट. पुढं दर आठवड्याला एक आरसी, सातपर्यंत, कधी आठ. त्या आरसी वापरून बघायला कोणाची परवानगी लागत नाही. कंपन्यांच्या प्रयोगशाळेत यंत्रं रांगेनं असतात, पण नांदेडहून आणलेला, दोन हात फिरलेला हा लॅपटॉप तिथं कोण ठेवणार? तो इथंच तपासावा लागतो.

(दृश्य: लॅपटॉपला लावलेला पेनड्राइव्ह, वायफायचा डोंगल, माऊस.)

हे सगळं आधीच लावून ठेवलंय, त्याला कारण आहे. 'मेक लोकलमॉडकॉन्फिग' ही आज्ञा त्या घडीला चालू असलेलेच ड्रायव्हर, म्हणजे एकेक उपकरण चालवणारे प्रोग्राम, निवडते, बाकीचे गाळते. कर्नल तासाभरात बनतो तो त्यामुळं. पहिल्या वेळी डोंगल खिशातच राहिला. नवा कर्नल छान सुरू झाला, नेट मात्र गायब! अर्धा दिवस पोरगा कर्नलला शिव्या घालत होता.

(दृश्य: संगणक सुरू होतानाची यादी. बोट खालच्या बाणावर.)

जुना कर्नल याच यादीत शाबूत असतो. नवा चालला नाही तर बंद करून जुना निवडायचा. माहितीची प्रत मात्र आधी वेगळी काढलेली बरी.

"नवं बियाणं पहिल्या साली दोनच तासं टाकायचं," आबा म्हणतात. "बाकी रान जुन्यावर."

(दृश्य: झाकण मिटतं, उघडतं. टचपॅडवर बोट. बाण हलत नाही.)

हा बिघाड खरा होता. आधीच्या आवृत्तीत टचपॅड चालायचा, आरसी-1 मध्ये झाकण उघडल्यावर मेला. मधे दहा-बारा हजार बदल. यातला नेमका कोणता? 'गिट बायसेक्ट' ही आज्ञा बरोब्बर मधला बदल पुढं करते. कर्नल बनवा, झाकण मिटा, उघडा, बोट फिरवा, 'चांगला' की 'वाईट' सांगा. निम्मे बदल बाद. पुन्हा मधला. अशा चौदा फेऱ्या. पण त्यासाठी पोरानं 2005 पासूनचा सगळा इतिहास उतरवून घेतला, काही जीबींचा, आणि इथं नेट म्हणजे मोबाईलचा हॉटस्पॉट. रोजचा डेटा संपला की माय आपला फोन पुढं करायची.

(दृश्य: मायचा फोन, कोपरा फुटलेला, देवळीत उभा.)

सहाव्या फेरीत डीपी जळाला. त्या तीन दिवसांचं आमच्याकडं काही चित्रण नाही. लाईट आल्यावर कर्नल बनवणारी 'मेक' ही आज्ञा थांबली होती तिथूनच पुढं निघाली.

(दृश्य: ईमेल लिहिताना हात.)

साधा मजकूर, रंगीत अक्षरं नाहीत. कोणतं यंत्र, शेवटची चांगली आवृत्ती कोणती, कोणत्या बदलानं बिघडलं, आणि 'डीमेसेज' या आज्ञेनं दाखवलेली कर्नलची नोंद जशीच्या तशी. कर्नलवाल्यांचा नियम जुना आहे: वापरणाऱ्याचं चालू असलेलं मोडायचं नाही. म्हणून 'काल चालत होतं, आज नाही' हे पुराव्यासकट आलं की ते टाळता येत नाही. ईमेल कोणाला धाडायचा ते कर्नलसोबतच येणारी 'गेट मेंटेनर' ही स्क्रिप्ट सांगते.

दोन आरसीनंतर दुरुस्ती आली, खाली 'रिपोर्टेड-बाय', म्हणजे कळवणारा, आणि पोराचं नाव.

(दृश्य: पहाट. चिखलाचे पाय उंबऱ्याशी. पडद्यावर ओळी पळतायत.)

"मोटार बंद झाली. तुझं चालूच का रे?"

"सोमवार हाय आबा. नवा आलाय."